ट्रेलरच्या दांडीचा भार आणि पिकअपची हिच: जोडी जमवण्यापूर्वीची मोजमापे

पिकअपला हिच, म्हणजे मागे ट्रेलर जोडण्याची जोडणी, बसवून घेण्यासाठी गॅरेजमध्ये गेलेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: ही हिच किती टन ओढील? प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. ट्रेलरचा जोर हिचवर दोन दिशांनी येतो. एक ओढ आडवी असते आणि गाडी चालू लागली की ती जाणवते. दुसरा भार उभा असतो. ट्रेलरची दांडी आपल्या टोकाच्या कपलरमधून (बॉलवर बसणाऱ्या पकडीतून) हिचच्या बॉलवर, म्हणजे धातूच्या गोळ्यावर, सतत खाली दाबत असते, गाडी जागेवर उभी असली तरीही. या उभ्या भाराला टंग वेट म्हणतात आणि युरोपीय पुस्तिकांत त्यालाच नोज वेट म्हटलेले आढळते. ट्रेलर रस्त्यावर सरळ चालेल की हेलकावे घेईल, पिकअपची पुढची चाके रस्ता धरतील की हलकी पडतील, हे बऱ्याच अंशी या एका आकड्यावर ठरते. म्हणून हिचची निवड टंग वेटपासून सुरू करावी, आणि टंग वेट अंदाजाने न धरता भरलेल्या ट्रेलरवर प्रत्यक्ष मोजावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

बैलगाडीत माल भरणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नसे. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. पुढे जास्त झाले की तेच जू मानेत रुतते. ट्रेलरच्या बाबतीत भार कमी पडला तर ट्रेलरचा मागचा भाग डावी-उजवीकडे झुलू लागतो, प्रत्येक झोक्याबरोबर पिकअपची शेपूट बाजूला ओढली जाते आणि वेग जास्त असेल तर झोके आपोआप कमी होण्याऐवजी वाढत जातात. भार जास्त झाला तर पिकअपचा मागचा ॲक्सल दबतो, पुढचा उचलला जातो, स्टिअरिंग हलके लागते, पुढच्या ब्रेकची पकड घटते आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

बॉल मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असल्यामुळे हा भार तरफेसारखा काम करतो, आणि येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. समजा पिकअपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर, ३.१ मीटर आहे आणि मागच्या ॲक्सलपासून बॉलपर्यंतचे अंतर १.२४ मीटर आहे. बॉलवर १५० किलो भार आला तर मागच्या ॲक्सलवर १५० नव्हे, २१० किलो वाढतात, कारण पुढच्या ॲक्सलवरचे ६० किलो उचलले जाऊन तेही मागे येतात. बॉल जितका मागे नेला जाईल, तितका हा परिणाम वाढतो. म्हणूनच लांब बॉल माउंट (ज्या दांड्यावर बॉल बसवतात तो) लावून बॉल सोयीसाठी आणखी मागे नेणे बरे नाही. ट्रेलर वळताना बंपरला लागणार नाही एवढेच अंतर ठेवावे.

किती भार हवा

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलरसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरसाठी, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर असावा असा संकेत आहे. युरोपात अशाच ट्रेलरला कॅराव्हॅन म्हणतात, आणि त्यासाठी साधारण ५ ते ७ टक्के धरतात, आणि त्याशिवाय कपलरवर व हिचवर कोरलेली किलोंतली मर्यादा पाळावी लागते. ती अनेकदा ७५ किंवा १०० किलो असते. होडीच्या ट्रेलरला बहुधा ५ ते १० टक्के पुरतात. या आकड्यांत विसंगती दिसली तरी त्यामागे कारणे आहेत. युरोपातील कॅराव्हॅन वजनाने हलक्या असतात, त्यांचा ॲक्सल मध्याच्या जवळ असतो, आणि ट्रेलर ओढताना तेथे वेगमर्यादा कमी असते. अमेरिकन ट्रेलर अधिक लांब व जड असतात आणि अधिक वेगाने ओढले जातात.

गोव्यात अडचण अशी होते की एकाच जोडीत दोन्हीकडचे भाग एकत्र येतात: रिसीव्हर (बॉल माउंट ज्यात सरकवतात ती पिकअपला बसवलेली नळी) अमेरिकन मापाचा, कपलर युरोपीय मापाचा, आणि ट्रेलर येथल्याच फॅब्रिकेटरने बांधलेला. अशा वेळी ट्रेलर बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तोच पाळावा. आकडाच नसेल तर पेटीसारख्या उंच, एका ॲक्सलच्या ट्रेलरसाठी १० टक्के हे लक्ष्य धरावे, असे माझे मत आहे. जोडीतला एखादा भाग तेवढा भार पेलू शकत नसेल, तर टक्केवारी खाली आणण्यापेक्षा ट्रेलरचे एकूण वजन कमी करावे. उंच पेटीला वाऱ्याचा झोत बाजूने लागतो, आणि जुवारीवरच्या नव्या पुलावर किंवा पणजीच्या अटल सेतूवर पावसाळ्यात तो झोत किती जोराचा असतो, हे तेथून गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

आधी ट्रेलर भरावा, मग वजन करावे

रिकाम्या ट्रेलरच्या टंग वेटला फारसा अर्थ नाही. प्रवासाला निघताना जसा असेल तसा ट्रेलर भरावा: पाण्याची टाकी, गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणे, खुर्च्या, सर्व काही आपापल्या जागी. त्यानंतर मोजमापाकडे वळावे.

टंग वेट मोजण्याचा घरगुती मार्ग म्हणजे माणसांचे वजन करण्याचा साधा काटा. सपाट, पक्की जमीन निवडावी. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावाव्यात. पिकअपला जोडल्यावर बॉलची जी उंची असते, त्याच उंचीवर कपलर राहील अशा बेताने लाकडाचा जाड ठोकळा कापून घ्यावा, तो काट्यावर उभा करावा आणि कपलर त्याच्यावर टेकवून जॉकी व्हील (दांडीखालचे, वर-खाली होणारे आधाराचे चाक) जमिनीपासून पूर्ण सुटेपर्यंत वर घ्यावे. काट्यावरचा आकडा, वजा ठोकळ्याचे वजन, हा आपला टंग वेट. उंचीचा आग्रह धरण्याचे कारण असे की दांडी खाली झुकली किंवा वर उचलली गेली तर ट्रेलरचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या संदर्भात सरकतो आणि आकडा बदलतो. एक सूचना येथे द्यायलाच हवी. आधाराला हाताशी असलेला जांभ्या दगडाचा चिरा वापरू नये. चिरा भिंतीत उत्तम असतो, पण एका बिंदूवर भार आला की तो पूर्वसूचना न देता फुटतो, आणि त्या वेळी कोणाचा तरी पाय दांडीखाली असतो.

भार काट्याच्या मर्यादेबाहेर जात असेल तर जाड फळीचा उपयोग करावा. फळीचे एक टोक पक्क्या आधारावर आणि दुसरे काट्यावर ठेवावे. दोन टेकूंमधले अंतर ९० सेंटिमीटर ठेवावे आणि कपलर पक्क्या आधारापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे काट्यापासून ६० सेंटिमीटरवर टेकवावा. काट्यावर तिसरा हिस्सा येतो. फळी आणि ठोकळ्यामुळे आधीच दिसणारा आकडा वजा करून उरलेल्याला तीनने गुणले की टंग वेट मिळतो. काट्यावर ५० किलो वाढले असतील तर बॉलवर १५० किलो येणार आहेत.

दुसरा मार्ग वे-ब्रिजचा, म्हणजे अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्याचा. उसगाव-तिस्क, सावर्डे, कुडचडे या खाणपट्ट्यात ट्रकांमुळे वे-ब्रिज सहज सापडतात, आणि वेर्णा व कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरातही चौकशी करता येते. तेथे तीन वजने घ्यावीत. पहिले वजन माणसे व सामानासह एकट्या पिकअपचे. दुसरे वजन ट्रेलर जोडलेला असताना, पण पिकअपची चारही चाके प्लॅटफॉर्मवर आणि ट्रेलरची चाके बाहेर. तिसरे वजन दोन्ही वाहने प्लॅटफॉर्मवर असताना. दुसऱ्यातून पहिले वजा केले की टंग वेट मिळतो. तिसऱ्यातून पहिले वजा केले की ट्रेलरचे एकूण वजन मिळते. तिन्ही वेळा गाडीत तेवढीच माणसे बसलेली असावीत, आणि मधल्या वेळेत डिझेल भरू नये. प्लॅटफॉर्मवर फक्त पुढची चाके ठेवून, ट्रेलर जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर, आणखी दोन वजने घेता आली तर पुढचा ॲक्सल किती हलका झाला तेही कळते.

मात्र वे-ब्रिजचा काटा मोठ्या ट्रकांसाठी असतो आणि तो साधारणपणे ५, १० किंवा २० किलोंच्या टप्प्यांनी वजन दाखवतो. एक टनाच्या ट्रेलरसाठी १० किलोंचा फरक क्षुल्लक आहे. १०० किलोंच्या टंग वेटसाठी तोच फरक दहा टक्क्यांचा होतो, आणि दोन वजनांची वजाबाकी करताना दोन्हींची चूक एकत्र येऊ शकते. म्हणून ट्रेलरचे एकूण वजन आणि ॲक्सलवरचे भार वे-ब्रिजवर पाहावेत, टंग वेट मात्र घरच्या काट्यावर मोजावा, आणि दोन्ही आकडे परस्परांशी जुळतात का तेवढे तपासावे.

हाती आलेला टंग वेट हवा त्यापेक्षा कमी किंवा जास्त निघाला तर पहिला उपाय सामान हलवण्याचा आहे. हिशेब सोपा आहे: वस्तूचे वजन गुणिले ॲक्सलपासून तिचे अंतर, भागिले ॲक्सलपासून कपलरचे अंतर. कपलर ॲक्सलच्या ४ मीटर पुढे असेल आणि ६० लिटरची भरलेली टाकी ॲक्सलच्या १ मीटर पुढे असेल, तर ती बॉलवर १५ किलो वाढवते. तीच टाकी १ मीटर मागे असेल तर १५ किलो कमी करते. १४.२ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर लोखंडासह जवळपास ३० किलोंचा होतो. दांडीवर, ॲक्सलच्या ३.२ मीटर पुढे तो ठेवला तर एकटा सिलिंडर २४ किलो भार टाकतो. मागच्या भिंतीवर टांगलेल्या दोन सायकली याच्या उलट काम करतात आणि शिवाय शेवटच्या टोकाला जडपणा आणून झोके वाढवतात, म्हणून पुढून वजन टाकून त्यांची भरपाई करण्यापेक्षा त्या पिकअपच्या हौद्यात ठेवणे अधिक सुरक्षित. जड सामान शक्यतो ॲक्सलच्या आसपास, किंचित पुढे आणि जमिनीलगत असावे. टाकी ॲक्सलपासून दूर असेल तर भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही अवस्थांत टंग वेट मोजावा, कारण प्रवासात पाणी संपते.

होडीच्या मालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पावसाळ्यात अंगणात उभ्या असलेल्या होडीवर ताडपत्री असली तरी आत पाणी साचते. दांडी वर आणि होडीचा मागचा भाग खाली असेल तर ते सारे पाणी इंजिनाकडे जमा होते, आणि पन्नास-शंभर लिटर पाण्याने बॉलवरचा भार जवळजवळ नाहीसा होऊ शकतो. तळाचे बूच काढून होडी पूर्ण निथळल्याशिवाय ट्रेलर जोडू नये.

साखळीतला सर्वांत कमकुवत आकडा

टंग वेट कळला की तो पेलणाऱ्या प्रत्येक भागाची मर्यादा वेगवेगळी लिहून काढावी: पिकअपच्या पुस्तिकेतील ट्रेलरचे कमाल वजन व बॉलवरचा कमाल उभा भार, चासीला बोल्टने बसवलेला रिसीव्हर, त्यात सरकवला जाणारा बॉल माउंट, बॉल, ट्रेलरचा कपलर, आणि पिकअपच्या मागच्या ॲक्सलची व टायरची मर्यादा. यांतला सर्वांत लहान आकडा हाच पूर्ण जोडीचा आकडा होय. बळकट रिसीव्हर बसवल्याने पिकअपची क्षमता वाढत नाही, हे वाक्य गॅरेजमध्ये शंभरदा सांगावे लागले तरी सांगावे.

आपल्याकडील अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याचा आकडा दिलेलाच नसतो, किंवा ओढू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. नकार असेल तर विषय तेथेच संपतो. आकडा नसेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडून तो लेखी मागवावा. परदेशात त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या मॉडेलचा आकडा येथे लावू नये, कारण इंजिन, गिअर, स्प्रिंगा आणि थंड करण्याची यंत्रणा वेगळी असू शकते.

अमेरिकन रिसीव्हर वर्गांनुसार विकले जातात. वर्ग १ ची मर्यादा २,००० पौंड ट्रेलर आणि २०० पौंड टंग वेट, म्हणजे सुमारे ९०७ आणि ९१ किलो. वर्ग २ ची ३,५०० आणि ३५० पौंड, म्हणजे सुमारे १,५८८ आणि १५९ किलो. वर्ग ३ मध्ये किमान ५,००० आणि ५०० पौंड, म्हणजे सुमारे २,२६८ आणि २२७ किलो, तर काही उत्पादक याच वर्गात ८,००० आणि ८०० पौंडांपर्यंत जातात. वर्ग ठरवण्यापेक्षा रिसीव्हरवरचे लेबल वाचावे. ते पौंडांत आहे की किलोंत, याकडे विशेष लक्ष द्यावे. ३५० हा आकडा किलोंचा समजून भार टाकला तर मर्यादेच्या दुपटीहून अधिक भार पडलेला असतो. युरोपीय हिचवर दोन खुणा असतात. एस म्हणजे किलोंतला उभा भार. डी म्हणजे किलोन्यूटनमधली आडवी ओढ, आणि ती पुढीलप्रमाणे काढतात: पिकअपचे कमाल वजन आणि ट्रेलरचे वजन टनांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्याला त्यांच्या बेरजेने भागावे आणि ९.८१ ने गुणावे. पिकअप २.९ टन आणि ट्रेलर १.२ टन असेल तर उत्तर सुमारे ८.३ येते, हिचवरचा डी आकडा याहून कमी नसावा.

आता एक जोडी हिशेबासाठी घेऊ. भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन १,२०० किलो आहे आणि मोजलेला टंग वेट १२० किलो, म्हणजे बरोबर १० टक्के आहे. पिकअपची पुस्तिका १,५०० किलो ट्रेलर आणि १५० किलो उभा भार मान्य करते. रिसीव्हर वर्ग ३ चा असून २२७ किलो पेलतो, बॉल आणि माउंटही तेवढेच पेलतात. पण कपलर युरोपीय असून त्यावर एस १०० कोरलेले आहे. म्हणजे बाकी सर्व भाग भक्कम असूनही ही जोडी आजच्या अवस्थेत चालवण्यायोग्य नाही. सामान मागे सरकवून टंग वेट १०० वर आणला तर तो ८.३ टक्के होतो. ट्रेलर बनवणाऱ्याला ही टक्केवारी मान्य असेल तर प्रश्न मिटला. मान्यता नसेल तर दोन रस्ते उरतात: अधिक क्षमतेचा कपलर त्या दांडीच्या मापाला आणि क्षमतेला साजेसा असल्याची खात्री करून बसवावा, किंवा ट्रेलरचे वजन २०० किलोंनी उतरवावे. मी दुसरा रस्ता आधी तपासून पाहीन, कारण कॅराव्हॅनमध्ये गरज नसलेल्या वस्तूंचे वजन आपल्याला वाटते त्याहून बरेच जास्त भरते.

हिशेब येथे संपत नाही. टंग वेट हा पिकअपच्या सामानाचाच भाग आहे, म्हणून तो माणसांच्या आणि हौद्यातल्या सामानाच्या वजनात मिळवावा लागतो. पाच माणसे, हौद्यात आइस बॉक्स, जनरेटर आणि तंबू, त्यावर बॉलचे १२० किलो, अशी बेरीज करून एकूण वजन गाडीच्या नोंदणीकृत कमाल वजनाच्या आत आहे का आणि मागचा ॲक्सल आपल्या मर्यादेत आहे का, हे वे-ब्रिजवरच्या कागदावरून पाहावे.

बॉलच्या मापाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. युरोपीय बॉल ५० मिलिमीटरचा असतो. अमेरिकन बॉल १ पूर्णांक ७/८ इंच, २ इंच आणि २ पूर्णांक ५/१६ इंच या मापांत येतात. यांपैकी २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, आणि तोच धोका आहे. २ इंची कपलर ५० च्या बॉलवर सहज बसतो पण आत सैल खेळतो. ५० चा कपलर २ इंची बॉलवर ओढूनताणून बसवला तरी त्याची कडी नीट मिटेलच असे नाही. दोन्हींवर कोरलेले माप वाचावे आणि व्हर्नियरने बॉल मोजून घ्यावा. ५० मिलिमीटरचा बॉल झिजून कोठेही ४९ च्या खाली गेला असेल तर तो बदलावा. बॉलच्या दांड्याचा व्यास माउंटच्या छिद्राला अचूक बसला पाहिजे, मोठ्या छिद्रात वॉशर घालून तो निभावून नेऊ नये, आणि नट पाकिटावर दिलेल्या टॉर्कलाच आवळावा.

रिसीव्हर नेहमी चासीच्या मूळ छिद्रांत, सांगितलेल्या दर्जाच्या बोल्टने बसवावा. बंपरला जोडलेली हिच, चासीला वेल्डिंग केलेली पट्टी, किंवा उंची जुळवण्यासाठी कापून पुन्हा जोडलेला माउंट स्वीकारू नये. आपले वेल्डर कुशल आहेत, खिडकीच्या ग्रिलपासून ट्रॉलरच्या सांगाड्यापर्यंत त्यांचे काम मी पाहिले आहे. पण कारखान्यात उष्णता देऊन बनवलेल्या पोलादावर पुन्हा वेल्डिंग केले की त्याची मूळ ताकद तशीच राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी लागते. त्याच कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. हिच बसवण्यापूर्वी वाहतूक खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे.

उंची आणि भार वाटून देणारी हिच

ट्रेलर सपाट उभा करून जमिनीपासून कपलरच्या आतल्या वरच्या भागाची उंची मोजावी. भरलेली पिकअप सपाट उभी करून बॉल ज्या उंचीवर हवा त्याच्याशी ती ताडून पाहावी आणि फरकाइतका खाली उतरणारा किंवा वर जाणारा माउंट घ्यावा. जोडल्यावर ट्रेलर समपातळीत किंवा अगदी किंचित पुढे झुकलेला असावा. पुढून वर उचललेला ट्रेलर टंग वेट गमावतो. आपल्याकडच्या पिकअप उंच असल्याने बहुधा खाली उतरणारा माउंट लागतो, आणि तेथे फेरीबोटीचा विचार करावा लागतो: धक्क्याच्या उतारावरून बोटीच्या फळीवर चढताना हिचचे टोक सिमेंटला घासते. दिवाडीला किंवा चोडणला ट्रेलर न्यायचा असेल तर ओहोटीच्या वेळी, उतार जास्त असताना, आधी रिकामी पिकअप नेऊन पाहावे.

टंग वेट मर्यादेत असूनही मागची बाजू बरीच दबत असेल तर भार वाटून देणारी हिच उपयोगी पडते. तिच्या दोन लवचीक सळ्या मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या ॲक्सलवर आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर परत ढकलतात. त्यासाठी जोडण्यापूर्वी पिकअपच्या पुढच्या मडगार्डच्या कडेची जमिनीपासून उंची मोजावी, सळ्यांविना ट्रेलर जोडून पुन्हा मोजावी, आणि पुस्तिकेत सांगितले असेल तेवढी वाढलेली उंची सळ्या ताणून परत आणावी. अनेक उत्पादक सुमारे निम्मी उंची परत आणायला सांगतात. पुढची बाजू मूळ उंचीपेक्षा खाली दाबू नये. ही हिच टंग वेट स्वतः कमी करत नाही, म्हणून टंग वेट मोजताना सळ्या काढून ठेवाव्यात. रिसीव्हरच्या लेबलवर तिच्यासाठी वेगळा आकडा असतो, तो नसेल तर ती लावू नये. तसेच ट्रेलर पुढे ढकलला गेल्यावर आपोआप लागणारे ब्रेक असतील तर दोन्ही एकत्र चालतात का, हे ट्रेलर बनवणाऱ्याला विचारावे.

जोडताना आणि रस्त्यावर

कपलर बॉलवर उतरवून कडी बंद केली आणि पिन घातली, एवढ्यावर विश्वास ठेवू नये. जॉकी व्हील फिरवून दांडी वर उचलावी. कडी खरोखर बसली असेल तर दांडीबरोबर पिकअपची मागची बाजूही काही सेंटिमीटर वर येते. कपलर एकटाच वर आला तर तो नुसता टेकलेला होता. ही तपासणी एक मिनिटाची आहे आणि प्रत्येक जोडणीनंतर केली पाहिजे. मग जॉकी व्हील पूर्ण वर घ्यावे. सुरक्षा साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींना छेदतील अशा लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर तोलली जाईल. वळताना ताण येणार नाही इतकी ढील ठेवावी, पण त्या जमिनीला घासू देऊ नयेत. ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारी तार साखळीला न अडकवता पिकअपला स्वतंत्र अडकवावी. टायरमधली हवा भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे असावी.

पहिली फेरी रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर, हळूहळू वेग वाढवत करावी. झोके सुरू झाले तर ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि पिकअपचे ब्रेक जोरात दाबू नयेत. ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकला हाताने चालवण्याची कळ असेल तर फक्त तीच वापरावी. गाडी थांबवून टंग वेट पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण कमी वेगात दिसलेला झोका अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या उतारावर कितीतरी पटींनी वाढतो. काणकोणकडे जाताना करमल घाटातही वळणे सलग आहेत. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा.

समुद्राकाठच्या हवेत हिच आतून गंजते, आणि बाहेरचा रंग शाबूत असल्याने ते दिसत नाही. माउंट बाहेर काढून रिसीव्हरच्या नळीत टॉर्च टाकून पाहावे, गंजाचे पापुद्रे निघत असतील तर तो जाणकाराला दाखवावा. होडी खाऱ्या पाण्यात उतरवली असेल त्याच दिवशी कपलर, साखळ्या आणि ट्रेलरची चाके गोड्या पाण्याने धुवावीत. बॉलवर ग्रीसचा पातळ थर ठेवावा. मात्र झोके रोखण्यासाठी घर्षणपट्ट्या असलेला कपलर असेल तर त्याचा बॉल पूर्ण कोरडा आणि स्वच्छ लागतो. नव्या हिचचे बोल्ट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, त्यानंतर दर वर्षी पाऊस ओसरल्यावर तपासावेत, आणि कॅराव्हॅनमध्ये नवी बॅटरी, एअर कंडिशनर किंवा पाण्याची मोठी टाकी बसवली की टंग वेट नव्याने मोजून मर्यादांच्या त्याच यादीशी ताडून पाहावा.